वीरजवानाच्या स्मृतिदिनाला रात्रभर भजन : अभंग कोणते घ्यावेत?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

राम कृष्ण हरी मंडळी.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरपासून फार लांब नाही. गावातला एक मुलगा सीमेवर कामी आला, त्याला बरीच वर्षं झाली. नाव मुद्दाम देत नाही, घरच्यांना ते इंटरनेटवर नको आहे. दरवर्षी सोयाबीनची काढणी उरकता उरकता त्याचा स्मृतिदिन येतो आणि दरवर्षी तो एकाच पद्धतीनं साजरा होतो. वेशीपासून शाळेच्या मैदानापर्यंत फ्लेक्स, त्यावर जवानापेक्षा खालच्या 'शुभेच्छुकां'चे फोटो मोठे. (स्मृतिदिनाला शुभेच्छा कसल्या, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.) सकाळपासून डीजेवर देशभक्तीची गाणी. अकराला येणारे पाहुणे दीडला येतात. भाषणं होतात. वीरमातेला साडी आणि नारळ देतात. ती तेवढा वेळ खुर्चीत बसून असते, समोर स्पीकरची भिंत.

यंदा तयारीच्या बैठकीत मावशी, म्हणजे त्या जवानाची आई, पहिल्यांदाच बोलली. "त्या दिवशी समदे मला ऐकवायलेत. मला ऐकायचं न्हाई, मला म्हणायचंय." एवढंच बोलून गप बसली. मावशीच्या माहेरी पिढीजात भजन. मुलगा लहान असताना काकड्याला तिच्या मांडीवर झोपलेला असायचा, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा ठरलं असं की डीजे बंद, रात्री भजनाचा जागर. आमचं भजनी मंडळ एकादशीला बसतं, सप्ताहात उभं राहतं, कुणी गेलं तर दहा दिवस त्याच्या घरी जातं. पण हा प्रसंग यातला कुठलाच नाही. दहावं-तेरावं नाही, उत्सव तर नाहीच. रडगाणं नको आणि वीरश्रीचा तमाशाही नको. अशा वेळी कोणते अभंग, कोणत्या क्रमानं घ्यावेत? गौळण चालेल का? राष्ट्रगीत आणि पसायदान यांचं काय करायचं? गावातली तरणी पोरं डीजे बंद केला म्हणून नाराज आहेत, त्यांना कसं बसवायचं? जाणकारांनी सांगावं.

गंगाखेडचा_टाळकरी

जागर म्हटला की क्रम बांधलेलाच आहे, फार डोकं चालवू नका. आधी 'जय जय राम कृष्ण हरी'चा गजर, मग रूपाचे अभंग, मग नामाचे, संतपर, मागणीचे. गौळण घ्या. गौळण नको म्हणणारे एक-दोघं प्रत्येक गावात निघतात, त्यांना चहा पाजा. पहाटे काकडा, शेवटी पसायदान.

निर्याणाचे, म्हणजे जगाचा निरोप घेण्याचे अभंग रात्रीच्या मधल्या प्रहरात घ्या, सुरुवातीला नको आणि शेवटी तर नकोच. तुकोबांचा 'आम्ही जातो आपुल्या गावा' घ्याल तेव्हा पखवाजवाल्याला आधी दम द्या. त्यालाही दुगुण (दुप्पट लय) लावून टाळ्या घेणारे पाहिलेत मी.

मावशींसाठी जनाबाई. आमच्या गंगाखेडची म्हणून सांगत नाही (म्हणजे तेही आहेच). 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' हे काम हातात असताना म्हटलेलं गाणं आहे. डोळे मिटून देवळात बसायची सवड नसलेल्या बाईचं. मावशी लेकाला आठवत असेल ती फ्लेक्स बघून नाही, भाकरी थापतानाच आठवत असेल.

भरतीवाला_लातूर

राग मानू नका, पण मला हे पटलं नाही. मी भरतीची तयारी करायलोय. पहाटे चारला उठून पळतो, कानात देशभक्तीची गाणी असतात. त्या गाण्यानंच पाय उचलतात. तुमच्या गावातली निम्मी पोरं डीजेमुळंच मैदानात येत असतील. टाळ-मृदंग लावला की पोरं घरी आणि म्हातारी माणसं मैदानात. मग त्या जवानाला विसरायला कितीसा वेळ लागणार? शहीद झालेला माणूस वाघ होता, त्याच्यासाठी वाघाचंच गाणं पाहिजे.

अंबाजोगाई_मेल

भरतीवाले, एक सांगतो. दरवर्षी डीजेवर सगळ्यात जास्त वाजतं ते 'ऐ मेरे वतन के लोगों'. हे गाणं लता मंगेशकरांनी २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पहिल्यांदा म्हटलं. चीनबरोबरचं १९६२ चं युद्ध हरून दोन-अडीच महिनेच झाले होते. कवी प्रदीपांचे शब्द, संगीत सी. रामचंद्रांचं. म्हणजे रामचंद्र चितळकर, आपल्या गोदावरीकाठच्या पुणतांब्याचे. ते शोकाचं गाणं आहे. अर्धी चाल बसल्या जागी डोळ्यांत पाणी आणते. त्याखाली ढणढण ठेका घालून लोक मिरवणुकीत नाचतात तेव्हा पळणाऱ्याच्या पायात बळ येत असेलही, पण गाण्याचा जीव जातो.

म्हणजे वाघाचं गाणं आणि दुःखाचं गाणं अशी वाटणी करूच नका. तेच गाणं कुणीतरी नुसत्या पेटीवर म्हटलं तर जागरातही शोभेल.

निवृत्त_नाईक

मी तोफखान्यात होतो, आता जालन्याकडं शेती करतो. भरतीवाल्या पोराला आधी सांगतो, गाणं ऐकून पळ, काही बिघडत नाही, मी बी पळलो. पण सोळाशे मीटर काढायला लागतं ते गाणं वेगळं आणि पोस्टवर रात्री दोनला लागतं ते वेगळं.

लोकांना वाटतं फौजेत दिवसरात्र वीररसच चालतो. तसं नसतं. पलटणीत धर्मगुरू असतात, जेसीओच्या (जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या) हुद्द्याचे, वर्दीतले. पलटणीत ज्या धर्माची माणसं त्याप्रमाणे पंडितजी, ग्रंथी, मौलवी, पाद्री. रविवारी मंदिर परेड असते, तिला परेडसारखंच वेळेवर जावं लागतं. बऱ्याच ठिकाणी एकाच छताखाली सर्व धर्म स्थळ असतं. आमचे पंडितजी पेटी चांगली वाजवायचे. वर पोस्टवर पेटी कुठली, तिथं रिकामा जेरीकॅन हीच ढोलकी आणि मेसचे दोन चमचे हे टाळ.

आमच्यातला एक जण गेला तेव्हाचं सांगतो. खाली मानवंदना झाली, पार्थिव त्याच्या गावाकडं गेलं, हे सगळं आम्ही रेडिओ सेटवर ऐकलं. आम्ही वरच होतो. आम्हाला अंत्ययात्रा नसते. कुणाची आई रडताना कानावर पडत नाही, त्यामुळं माणूस गेला हे आत उतरतच नाही. त्या रात्री जेरीकॅनला कुणी हात लावला नाही. मग एका हिमाचली हवालदारानं त्याच्या गावाकडच्या देवीचं भजन सुरू केलं. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. आम्ही नुसत्या टाळ्या दिल्या. तासभर चाललं. मग ज्याची ड्युटी होती तो ड्युटीवर गेला. मला त्या तासानं पुढचे महिने काढून दिले, यापेक्षा नीट मला सांगता येत नाही.

आता तुमच्या कार्यक्रमाचं. भजन रात्री ठेवा, पण संध्याकाळी सूर्य मावळताना मानवंदना वेगळी करा. त्यात बिगुल पाहिजे. 'लास्ट पोस्ट' ही मुळात छावणीत दिवस संपल्याची, पहारे तपासून झाल्याची धून. ती वाजली की शांतता, आणि शांततेनंतर 'राउज', म्हणजे उठण्याची धून. शब्द एकालाही नाहीत, त्यामुळं कुठल्याही धर्माच्या माणसाला परकी वाटत नाही. मोबाइलवरची रेकॉर्ड लावू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र द्या, जवळच्या कॉलेजच्या एनसीसीला विचारा, पोलीस मुख्यालयात बँड असतो, तिथं विनंती करा. महिनाभर आधी गेलात तर बहुतेक सोय होते. राष्ट्रगीत तिथंच, उभं राहून. मग चहा, मग मंडळी बसू द्या. पसायदान पहाटेचं पहाटे. दोन्ही एकापाठोपाठ ठेवलं की अर्धे लोक उभे, अर्धे बसलेले, आणि कुणालाच कळत नाही आता काय करायचं.

दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ ला झालं. तिथं रोज संध्याकाळी एका हुतात्म्याच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिलं जातं. मावशीला एकदा घेऊन जाता आलं तर बघा.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

नाईकसाहेब, नमस्कार. मानवंदना आणि जागर वेगळे करायचे हे एकदम पटलं. बिगुलाचं पत्र उद्याच देतो.

नावनको

पहिल्यांदाच लिहितेय. मी बहीण आहे, अशाच एकाची. आमचं गाव इथल्या कुणाला सांगणार नाही.

मला स्मृतिदिनाची गाणी नको असतात. पंधरा ऑगस्टच्या आधीचा आठवडा मी मोबाइलच बंद ठेवते. बसस्टँडवर, लग्नात, कुठंही ते गाणं अचानक लागतं आणि आजूबाजूची माणसं माझ्याकडं बघतात. मी रडते का ते बघतात. रडले तरी बघतात, नाही रडले तर जास्तच बघतात. कार्यक्रमात आईला आणि मला पहिल्या रांगेत बसवतात. आमचं तिथं कामच काय, तर दिसणं.

आमच्या गल्लीत गुरुवारी बायकांचं भजन असतं. दोन वर्षं गेले नव्हते. मग शेजारच्या काकू एकदा हाताला धरून घेऊन गेल्या आणि हातात टाळ दिले. तिथं कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. सगळ्या समोर बघत होत्या, फोटोकडं नाहीतर पुस्तकात. टाळ चुकला तर ओरडल्या सुद्धा. मला फार बरं वाटलं त्या ओरडण्यानं.

म्हणून सांगते, मावशींना पहिल्या रांगेत खुर्ची देऊ नका. बायकांच्या घोळक्यात मध्ये बसवा, टाळ द्या हातात. आणि कुणी त्यांचे फोटो काढू नका.

गंगाखेडचा_टाळकरी

ताई, तुम्ही लिहिलंत ते आमच्या शंभर कीर्तनांपेक्षा मोलाचं आहे. धागाकर्ते, हे आधी अमलात आणा, अभंगांचं नंतर बघू.

जुना_नांदेडकर

ताईंच्या प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतो, पण नांदेडचा माणूस गप्प राहिला तर बरं दिसणार नाही.

आमच्याकडं सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात पहाटेपासून कीर्तन असतं. गुरू गोविंदसिंगजी १७०८ ला नांदेडला ज्योतीज्योत समावले, म्हणजे देह ठेवला. त्याच्या थोडी वर्षं आधी त्यांचे चारही मुलगे गेले. थोरले दोघं चमकौरच्या लढाईत, धाकटे दोघं सरहिंदला. सगळं गमावून ते माछीवाड्याच्या जंगलात एकटे होते तेव्हा त्यांनी 'मित्र पिआरे नूं' ही रचना केली असं परंपरा सांगते. त्यात शत्रूला शिव्याशाप नाहीत. जिवलगाला मुरीदांचा (शिष्यांचा) हाल सांगा, एवढंच मागणं आहे. चार मुलं गेलेल्या बापाचं हे गाणं, आणि ते गायलं जातं तेव्हा समोर बसलेल्या कुणालाही तुझं दुःख मोठं की माझं, असा हिशोब सुचत नाही.

त्यांचीच दुसरी रचना 'देह सिवा बर मोहि इहै'. हिच्यात मागणं काय, तर शुभ कामापासून मी कधी मागं हटू नये. सुखरूप ठेव असं मागितलेलंच नाही. तिच्यातलीच 'निश्चय कर अपनी जीत करौं' ही ओळ शीख रेजिमेंटचं ब्रीद आहे. भरतीवाल्या भावाला वाघाचं गाणं पाहिजे होतं ना, हे घे. वाघाचंही आहे आणि प्रार्थनाही आहे.

आणि परकं वाटून घ्यायचं कारण नाही. नरसीच्या आपल्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. हिंगोली जिल्ह्यातला माणूस रोज पंजाबात गायला जातो.

कयाधू

नामदेवांचं नाव निघालं म्हणून लिहितो. धागाकर्ते ज्या प्रकारचे अभंग शोधायलेत ते नामदेवांच्या गाथेत तयार आहेत आणि आश्चर्य म्हणजे इतक्या प्रतिसादांत कुणी नाव घेतलं नाही. समाधीचे अभंग.

ज्ञानदेवांनी १२९६ ला आळंदीला समाधी घेतली. नामदेव तिथं होते. वय दोघांचं जवळपास सारखं, बरोबर तीर्थयात्रा केलेली. त्या प्रसंगावर नामदेवांनी जे अभंग लिहिले त्यात मोठमोठ्या तत्त्वज्ञानाला फार जागा नाही. कोण कसं रडलं ते आहे. निवृत्तिनाथ म्हणजे थोरला भाऊ, शिवाय गुरू. आयुष्यभर ज्यानं वैराग्य शिकवलं तोच तिथं कोसळतो. पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ पांगावं तसं आमचं झालं, असं त्याच्या तोंडी आहे. शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सोपान, मुक्ताई, जमलेले संत, सगळ्यांचं दुःख एकेक करून येतं. खुद्द पांडुरंग तिथं उभा आहे आणि त्याचेही डोळे भरलेत. 'तू ज्ञानी आहेस, रडू नकोस' असं तिथं कुणी कुणाला ठणकावत नाही.

आणि हे अभंग सातशेहून जास्त वर्षं दर कार्तिकात म्हटले जातात. वद्य त्रयोदशीला आळंदीला समाधी सोहळ्याचं कीर्तन असतं, आपल्याकडंही गावोगाव होतं. ऐकणाऱ्याला शेवट माहीत असतो, प्रत्येक चरण माहीत असतो, तरी ठरलेल्या ठिकाणी मंडप हुंदके देतो. आणि मग त्याच मंडपात गजर होतो, नाचतात. दुःख संपलं म्हणून नाचत नाहीत. एवढ्या माणसांनी मिळून ते उचललेलं असतं म्हणून नाचता येतं. कोवळ्या वयात गेलेल्याचा स्मृतिदिन वर्षानुवर्षं कसा करावा याचा एवढा जुना आणि चालता नमुना आपल्या घरात असताना आपण डीजेचं भाडं देतो.

तुमचा स्मृतिदिन दिवाळीच्या आगेमागे येतोय म्हणजे कार्तिकही लांब नाही. सगळे अभंग एका रात्रीत होणार नाहीत. निवृत्तिनाथांच्या दुःखाचे तीन-चार निवडा. मुलाचा थोरला भाऊ असेल तर त्याला आधी विचारा मात्र.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

थोरला भाऊ आहे. तोच आमचा पेटीवाला आहे.

कयाधू

मग त्यालाच ठरवू द्या. त्याला नको असेल तर माझा सगळा प्रतिसाद विसरा.

पूर्णा_जंक्शन

जय भीम. एक खटकलं म्हणून लिहितो, भांडायला नाही. कार्यक्रम गावाचा आहे की भजनी मंडळाचा? मराठवाड्यातून फौजेत जाणारी पोरं सगळ्या वस्त्यांमधली आहेत. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली, आमच्या घरातले आजोबा त्यात होते. परमवीर चक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे. जागरात फक्त अभंगच होणार असतील तर आमच्या वस्तीतली माणसं मानवंदनेला येतील आणि भजन सुरू झालं की उठून जातील. वाईट वाटून नाही, आपलं नाही म्हणून.

आमच्याकडं अशा वेळी 'अनिच्चा वत संखारा' ही गाथा म्हणतात. सगळं बनलेलं आहे ते अनित्य आहे, उपजतं आणि विरतं, त्याचं शमणं हेच सुख. भंतेजी नसले तरी उपासक म्हणतात, दोन मिनिटं लागतात. आत्मा, स्वर्ग, वीरगती यातलं त्यात काहीच नाही, तरी धीर येतो. मला वाटतं त्यात कुणी खोटं आश्वासन देत नाही म्हणूनच येतो. त्यानंतर आमचे गायक भीमगीतं म्हणतील, रात्र जागवायचा सराव आम्हालाही कमी नाही, जयंतीला विचारा.

खडूफळा

पूर्णा_जंक्शन यांच्याशी सहमत. आणि मोहरमला विसरू नका. आपल्या कित्येक गावांत सवाऱ्या निघतात, डोले निघतात, त्यात हिंदू घरांचे मान आहेत. करबलाच्या शहीदांच्या रिवायती, म्हणजे त्यांची गाणी म्हणणारी म्हातारी माणसं अजून आहेत, काही तर मराठीत म्हणतात. युद्धात पडलेल्यांना गाण्यानं आठवण्याची ही पण आपलीच जुनी रीत.

अवांतर, पण राहवत नाही. तुमच्या मारुतीच्या पारापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरलेला दगड, आहे का बघा. मराठवाड्यात जागोजागी आहेत, शेंदूर फासून कुणी म्हसोबा म्हणतं, कुणी आणखी काही. खालच्या कप्प्यात लढाई, त्याच्यावर अप्सरा त्या वीराला नेतात, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्रसूर्य. त्यावर नाव बहुतेक वेळा नसतंच. मी पोरांना दाखवतो तेव्हा विचारतात, "सर, याची जयंती कधी?"

दुसरं अवांतर. गाण्यानं बळ कसं येतं याचा आपल्या भागातला पुरावा १९३८ चा आहे. निजामाच्या राज्यात विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठानं त्यांना काढून टाकलं. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातली पोरंही त्यात होती. त्यांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं. त्यांच्या हातात हत्यार नव्हतं, एक गाणं होतं आणि तेवढ्यानं सरकार बिथरलं. त्यातल्याच कितीतरी जणांनी पुढं मुक्तिसंग्राम लढवला.

अंबाजोगाई_मेल

गुरुजी, तास संपला. :)

हभप_नाही_नुसता_भक्त

पाईकीचे अभंग कसे राहिले? तुकोबांच्या गाथेत 'पाइक' म्हणून अकरा अभंग सलग आहेत. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. 'पाइकीचें सुख पाइकासी ठावें । म्हणोनियां जीवें केली साटी ॥' आणि पुढं 'येतां गोळ्या बाण साहिले भडमार'. रूपक भक्तीचं आहे, स्वामी म्हणजे विठ्ठल, पण शिपाई अस्सल आहे. पगारासाठी आलेला पाईक आणि जीव ओवाळून टाकणारा पाईक यातला फरकसुद्धा तुकोबा सांगतात.

एक विनंती. 'रात्रंदिन आम्हा युद्धाचा प्रसंग' हा अभंग अशा कार्यक्रमात निवेदक हमखास वापरतात आणि हमखास चुकीचा वापरतात. तिथलं युद्ध जगाशी आणि स्वतःच्या मनाशी आहे, शेजारच्या देशाशी नाही. घ्यायचा तर मावशीसाठी घ्या. तिचं ते रोज चालू आहे.

निवृत्त_नाईक

पाईकीचे अभंग आज पहिल्यांदा पूर्ण वाचले. "पाइकासी ठावें" वर थांबलो. बाहेरच्याला सांगून कळत नाही हेच आम्ही घरी येऊन आयुष्यभर सांगत असतो, आणि हे देहूच्या वाण्याला माहीत होतं.

भरतीवाला_लातूर

मी पण वाचले. गोळ्या-बाणांचा अभंग भारी आहे. चाल कुठं मिळेल? आणि ताईंचं वाचून डीजेचं मत बदललं असं नाही, पण पहिल्या रांगेतल्या खुर्चीचं कधी डोक्यात आलं नव्हतं.

गंगाखेडचा_टाळकरी

चाल कशाला शोधतो, येऊन बस. पोरांना बसवायचा उपायही हाच. त्यांना श्रोते करू नका, टाळकरी करा. आठ दिवस आधी रोज तासभर पावली (टाळ वाजवत तालावर पावलं टाकायचा नाच) शिकवा. सोळाशे मीटर पळणारं पोरगं चार तास पावली खेळलं की कळतं दम कुणात आहे.

स्पीकरचं सांगायचं राहिलं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला कायद्यानं बंदी आहे, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम. दहाला माइक बंदच करा. पोलीस येतील म्हणून नाही. माइक असला की चार जण गातात आणि चारशे ऐकतात. माइक गेला की सगळ्यांना तोंड उघडावं लागतं.

पट्टीचंही (सूर किती वर-खाली धरायचा त्याचं) बघा. आपल्या मंडळांना चढ्या सुराची हौस, त्यात म्हाताऱ्या बायकांचा गळा पोचत नाही आणि त्या नुसतं ओठ हलवतात. मावशींना आधी एक अभंग म्हणायला लावा, त्यांचा षड्ज ('सा') कुठं लागतो ते पेटीवर बघा आणि तिथं पखवाज लावा. गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून सूर उतरत नसेल तर दुसरा पखवाज मागून आणा, पण मावशींना सुराकडं ओढू नका, सूर त्यांच्याकडं न्या.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार आधी मानतो, कारण कार्यक्रम काल झाला आणि अजून झोप पूर्ण झालेली नाही.

बिगुल मिळाला. एनसीसीचा पोरगा होता, घाबरला होता, एक सूर फाटला, पण मैदानात पान हललं तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. राष्ट्रगीत झालं. मग वस्तीतल्या आजोबांनी अनिच्चाची गाथा म्हटली, मौलवी साहेबांनी दुआ केली. भाषण एकच, तेही सरपंचांचं, तेही छोटं. (हे कसं जमवलं ते विचारू नका.)

मावशी बायकांच्या मधोमध बसली. पट्टी बरीच खाली घ्यावी लागली, पखवाजवाला कुरकुरला. जनाबाई मावशीनं उचलली, बायकांनी धरली. मधल्या प्रहरात थोरल्यानं पेटीवर निवृत्तिनाथांचा अभंग स्वतःहून घेतला. आम्ही त्याला सांगितलं नव्हतं, फक्त कयाधूंचा प्रतिसाद वाचायला दिला होता. दुसऱ्या चरणाला त्याचा आवाज गेला. पेटी चालू ठेवली त्यानं. चरण पूर्ण केला मावशीनं. वर एका ठिकाणी त्याच्या हाताला ताल चुकला तर "नीट वाजीव" पण म्हणाली.

भीमगीतं बारानंतर झाली आणि खरं सांगायचं तर आमच्या मंडळापेक्षा ती पोरं तयारीची होती. पाईकीच्या अभंगावर पावली झाली. डीजेवाली पोरं निम्मी आली, निम्मी नाही आली. आलेल्यातली काही दोनला उठून गेली. असो. शेवटपर्यंत बसलेल्यांत एक अनोळखी पोरगा होता, लातूरहून गाडीवर आला होता म्हणे.

एक गोष्ट राहूनच गेली. 'ऐ मेरे वतन' कुणीतरी पेटीवर म्हणणार होतं, ते झालं नाही. कुणाला आठवणच झाली नाही.

नावनको

फोटो काढले नाहीत ना कुणी?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

एकानं मोबाइल वर केला होता. बायकांनीच खाली करायला लावला.

भरतीवाला_लातूर

तो अनोळखी मीच. पाय अजून दुखायलेत.

मांजरा_थडी

आत्ताच धागा वाचून काढला. आमच्या गावात पुढच्या महिन्यात असाच स्मृतिदिन आहे आणि डीजेची सुपारी अजून दिलेली नाही. रात्रीच्या क्रमाचा कागद केला असेल तर फोटो टाकता का?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

टाकतो संध्याकाळी. फक्त तो जसाच्या तसा उचलू नका. आधी घरच्यांना विचारा त्यांना काय म्हणायचंय, आणि पट्टी तुमच्याकडच्या बायकांच्या गळ्यानं ठरवा.